बाळंतविड्यापासून बाहुलीच्या नऊवारीपर्यंत: छंदाच्या शिवणकामाचा क्रम

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील बहुतेक घरांच्या कपाटात किंवा जुन्या ट्रंकेत दोन प्रकारचे कापड साठत जाते: एक ओटीत आलेले आणि पुढे कोणाच्या तरी ओटीत जाण्यासाठी घडी घालून ठेवलेले ब्लाऊजपीस, आणि दुसरे घरातल्या थोरल्या बायकांची वापरून मऊ झालेली, नेसवतही नाहीत आणि टाकवतही नाहीत अशी सुती लुगडी. छंद म्हणून शिवणकामाला हात घालणाऱ्याला यापेक्षा चांगले भांडवल मिळणे कठीण आहे, कारण पहिल्या प्रकारात रंग, काठ आणि नक्षी फुकट मिळते, तर दुसऱ्यात कित्येक धुण्यांनी आटून स्थिर झालेला, सुईला न अडवणारा पोत मिळतो. तरीही हा छंद धरणारे पुष्कळजण पहिली वस्तू म्हणून बाहुलीचा झगा निवडतात, तो लहान म्हणून सोपा असेल असे मानतात आणि दोन संध्याकाळींत कंटाळून मशीनवर पुन्हा आच्छादन घालतात. शिवणकामात अवघडपणा वस्तूच्या आकारावरून ठरत नाही. तो वक्र कडा किती, थर किती आणि शिवणीसाठी सोडायला जागा किती, यावरून ठरतो. त्या हिशेबाने बाहुलीचे कपडे या छंदाच्या शेवटच्या टप्प्यात येतात, आणि या लेखाची मांडणीही त्याच क्रमाने केली आहे.

या भागात शिवणकामाकडे पाहण्याची जुनी दृष्टी चरितार्थाची आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुली आणि विधवा यांना पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी दौंड तालुक्यातील केडगाव येथे आश्रय दिला, तेव्हा तेथील मुक्ती मिशनमध्ये विणकाम, शिवणकाम, छपाई आणि शेती ही कामे स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी शिकवली जात. आजही औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील सिव्हिंग टेक्नॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम घ्या किंवा गल्लोगल्लीचे शिवणवर्ग घ्या, तेथील पहिला प्रश्न ब्लाऊज किती दिवसांत जमेल हाच असतो. चरितार्थासाठी तो प्रश्न योग्यच आहे. छंदात मात्र गिऱ्हाईक दारात उभे नसते, त्यामुळे शिवण उसवून पुन्हा घालण्याची मोकळीक मिळते, आणि ज्याला ही मोकळीक वापरता येते त्याचा हात व्यावसायिक शिंप्यापेक्षा हळू पण काही बाबतींत अधिक नेटका होऊ शकतो.

कापडाची पारख

ओटीचे ब्लाऊजपीस बहुधा ८० सेंमी ते १ मीटर लांबीचे असतात आणि त्यांतले अनेक सुती दिसत असले तरी पॉलिस्टरमिश्रित असतात. ते ओळखण्यासाठी कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळावेत. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची राख बोटांत चुरते, पॉलिस्टर मात्र वितळून आक्रसते आणि त्याचा कडक मणी बनतो. मिश्र कापड टाकाऊ नाही, बटवे, पिशव्या आणि उशांचे अभ्रे त्यातून उत्तम होतात, परंतु तान्ह्या बाळाच्या अंगाला लागणाऱ्या कोणत्याही वस्तूसाठी ते वापरू नये, विशेषतः उन्हाळ्यात जेथे पारा चाळिशीला टेकतो अशा या भागात तर नाहीच.

नवे सुती कापड बेतण्यापूर्वी, म्हणजे मापाप्रमाणे आखून कापण्यापूर्वी, रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेणे आवश्यक असते. नव्या कापडात खळ असते, ती निघून गेल्यावर त्याचा खरा पोत कळतो, आणि पहिल्या धुण्यात ते मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर आटूही शकते. हे आटणे शिवल्यानंतर झाले तर अस्तर आणि वरचे कापड वेगवेगळ्या प्रमाणात ओढले जाऊन वस्तू कायमची सुरकुतते. बाळाला सुरुवातीला जुन्या कापडाचेच कपडे घालण्याची घरोघरची रीत कोणी श्रद्धेने पाळो वा न पाळो, खळ नसलेले मऊ कापड नाजूक त्वचेला मानवते हे तिच्यातले व्यवहारज्ञान खरे आहे.

कापडाच्या धाग्यांची दिशा हा या विद्येचा पाया आहे आणि घाईत नेमका तोच वगळला जातो. किनारीला समांतर जाणाऱ्या धाग्याला उभा धागा म्हणतात व त्या दिशेने कापड सर्वांत कमी ताणते. किनारीला काटकोनात जाणारा तो आडवा धागा, त्या दिशेने ते किंचित ताणते. आणि या दोहोंच्या मधल्या तिरक्या रेषेवर, जिला शिंपी उरेब म्हणतात, ते सर्वांत जास्त ताणते. म्हणून परकर, झबले, बाही यांची लांबी उभ्या धाग्यावर ठेवली जाते, आणि गळ्यासारख्या गोल कडेला लावायची पट्टी उरेब कापली जाते, कारण उभ्या धाग्यावर कापलेली पट्टी गोलाईवर बसत नाही, चुण्या पाडते. जुन्या साडीत आणखी एक तपासणी करावी लागते. साडी उजेडासमोर धरली की झिजलेले भाग विरळ दिसतात. नऊवारी लुगड्यात काष्ट्याचा आणि बसण्याचा भाग आधी विरतो, तर पदराकडचा आणि आत खोचला जाणारा भाग बहुधा धडधाकट असतो. विरळ भाग गोधडीच्या आतल्या थरांत घालावा, वरच्या थरासाठी मजबूत भाग राखावा.

साधने

साधनांवर फार खर्च करण्याचे कारण नाही, मात्र कात्रीच्या बाबतीत काटकसर करू नये. कापडाची कात्री वेगळी ठेवावी आणि तिने कागद कापू देऊ नये. कागदाने तिची धार जाते आणि मग ती कापड कापण्याऐवजी चावते. मोजपट्टी, शिंप्याचा खडू, टाचण्या, इस्त्री आणि सुयांचे एक पाकीट एवढ्यावर वर्षभर भागते. सुयांच्या क्रमांकांत एक गंमत आहे: हातशिलाईच्या सुईचा क्रमांक जितका मोठा तितकी ती बारीक असते, तर मशीनच्या सुईचा क्रमांक जितका मोठा तितकी ती जाड असते. मलमल किंवा वायलसारख्या पातळ कापडाला मशीनची ११ क्रमांकाची, नेहमीच्या सुती कापडाला १४ ची आणि पिशवीच्या जाड कापडाला १६ ची सुई योग्य ठरते. टाका सुटू लागला किंवा कापडाखाली दोऱ्याचे जाळे होऊ लागले, तर मशीन बिघडले असे समजण्यापूर्वी सुई बदलावी आणि वरचा दोरा काढून नव्याने ओवावा. निम्म्याहून अधिक तक्रारी तेवढ्याने मिटतात.

मशीन घ्यायचेच असेल तर पायाने चालणारे जुने मशीन हा छंदासाठी उत्तम पर्याय आहे, कारण त्याचा वेग पायाच्या ताब्यात असतो आणि ते भारनियमनाच्या वेळीही चालते. हातात धरून वापरायची, बॅटरीवर चालणारी छोटी यंत्रे जाहिरातींत आकर्षक दिसतात, पण त्यांचा टाका एकाच दोऱ्याचा असतो आणि टोक ओढले की उसवतो, तेव्हा त्यांपेक्षा हातसुई बरी. या दोन्ही तालुक्यांतील कोरड्या, धुळकट हवेत मशीनच्या दात्यांखाली, म्हणजे कापड पुढे सरकवणाऱ्या पट्टीखाली, धूळ आणि कापडाचे तंतू यांचा थर लवकर साचतो. तो ब्रशने काढून मशीनचेच तेल द्यावे. खोबरेल तेल कालांतराने चिकट होऊन यंत्र जाम करते. कडा गुंडाळण्याचे यंत्र घरी नसल्याची खंत बाळगू नये, कारण फॉल-पिकोचे दुकान शिरूरच्या बाजारपेठेत आणि दौंड शहरात काय, मोठ्या गावांतही असते, आणि लांब कडा तेथून पिको करून आणणे ही लबाडी नव्हे.

दुपटे आणि बटवा

पहिली वस्तू दुपटे असावी. ८० सेंमी चौरसाचे दोन तुकडे सुलट बाजू आतल्या अंगाला येईल असे एकावर एक ठेवावेत, कडेपासून १ सेंमी आत चारही बाजूंनी टीप घालावी, म्हणजे सलग घट्ट शिवण घालावी, आणि एका बाजूला वीतभर जागा उघडी ठेवून तिथून वस्तू उलटवून घ्यावी. टीप आणि कापडाची कड यांमधल्या या सोडलेल्या जागेला शिवणाची माया म्हणतात, आणि पुढचे सगळे शिवणकाम या मायेच्या हिशेबावर उभे असते. उलटवण्यापूर्वी कोपऱ्यांवरची माया तिरकी छाटली नाही तर कोपरे जाड आणि बोथट राहतात. उलटवल्यावर इस्त्री करून उघडी जागा हाताने मिटवावी आणि कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत पुन्हा एक टीप घालावी. या एका वस्तूत सरळ टीप, कोपरा, उलटवणे आणि इस्त्री या चारही गोष्टींचा सराव होतो.

दुसरी वस्तू बटवा. ओटीतल्या खणातून आणि जुन्या सुती अस्तरातून ३० सेंमी व्यासाची दोन वर्तुळे कापावीत, दुपट्याप्रमाणेच शिवून उलटवावीत, आणि कडेपासून ४ सेंमी आत एकमेकींपासून दीड सेंटिमीटर अंतरावर दोन गोल टिपा घालाव्यात, म्हणजे त्यांच्यामध्ये नेफा, अर्थात नाडी ओवण्याची पोकळ वाट, तयार होते. समोरासमोर दोन छिद्रे ठेवून एका छिद्रातून एक आणि दुसऱ्यातून दुसरी अशा प्रत्येकी ८५ ते ९० सेंमी लांबीच्या दोन नाड्या पूर्ण फेरा मारून ओवल्या की दोन्हीकडे ओढून बटवा मिटतो. वर्तुळ उलटवण्याआधी मायेवर दर दोन सेंटिमीटरला छोटे काप दिले तरच गोलाई गुळगुळीत येते. टीप मात्र कापली जाऊ नये.

बाळंतविडा

हाताने शिवलेल्या भेटीचे मराठी घरांतील सर्वांत पूर्ण रूप म्हणजे बाळंतविडा. बाळंतिणीला माहेरच्या आणि जवळच्या नात्यांतून जाणाऱ्या या आहेरात झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट आणि मऊ गोधडी अशा वस्तू असतात. तयार बेबीसेटने यातले बरेच काही हिरावले असले, तरी खणाची कुंची अजून घरोघर कौतुकाने पाहिली जाते.

कुंची म्हणजे डोके आणि पाठ एकत्र झाकणारे टोपीवजा आवरण, आणि तिचे सौंदर्य असे की ती पूर्णपणे आयतांतून बेतता येते. टोपीसाठी ३८ सेंमी लांब व १८ सेंमी रुंद तुकडा घ्यावा आणि लांबी अर्धी होईल असा दुमडावा. मागे येणारी १९ सेंमीची कड १ सेंमी माया ठेवून शिवली की टोकदार टोपी तयार होते, आणि पुढची कड दीड सेंटिमीटर आत दुमडली की खालचा घेर सुमारे ३१ सेंमी उरतो. पाठीसाठी ८० सेंमी रुंद व ४५ सेंमी लांब तुकडा घ्यावा, त्याच्या वरच्या कडेवर दोन समांतर धावदोरे, म्हणजे वर-खाली जाणारे साधे लांब टाके, घालावेत आणि ते ओढून ८० सेंमीच्या ३१ सेंमी होईपर्यंत चुण्या पाडाव्यात. एका दोऱ्यावर चुण्या घसरतात, दोनांवर त्या उभ्या राहतात. खणाचा जरीकाठ बाळाच्या गालाला टोचतो, म्हणून आतून जुन्या मलमलीचे किंवा लुगड्याचे अस्तर अनिवार्य समजावे. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंमी असतो आणि सहा महिन्यांत तो ४२-४३ सेंमीपर्यंत जातो, त्यामुळे वरील मापाची कुंची पहिल्या काही महिन्यांपुरतीच समजावी. गळ्याशी बांधण्याच्या नाड्या १५ सेंमीपेक्षा लांब ठेवू नयेत, आणि बाळ झोपलेले असताना कुंची काढून ठेवावी, हे भेटीबरोबर सांगितले पाहिजे.

झबल्याबाबत दोनच गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, त्याला बटणे लावू नयेत, कारण सुटलेले बटण थेट तोंडात जाते; पुढे किंवा मागे उघडणारे आणि शिवलेल्या बंदांनी बांधले जाणारे जुन्या धाटणीचे झबले अधिक सुरक्षित असते. दुसरी, शिवण बाळाला टोचू नये म्हणून ती बंदिस्त करावी: आधी उलट बाजू आतल्या अंगाला ठेवून अर्ध्या सेंटिमीटरवर टीप घालावी, माया छाटावी, मग कापड उलटवून पाऊण सेंटिमीटरवर दुसरी टीप घालावी, म्हणजे कापडाची कच्ची कड दोन टिपांमध्ये कोंडली जाते.

गोधडी

गोधडी, जिला काही घरांत वाकळ म्हणतात, ही मशीनशिवाय होणारी आणि तरीही सर्वाधिक चिकाटी मागणारी वस्तू आहे. बाळासाठी ९० सेंमी × ७५ सेंमी हे माप सोयीचे असते. सहावारी साडीतून ९० सेंमीचे सहा तुकडे निघतात, त्यांतले चार-पाच थर पुरेसे होतात. थर झाडून घेतलेल्या जमिनीवर ताणून एकावर एक पसरावेत, कोपऱ्यांवर वजने ठेवावीत आणि वीत-वीत अंतरावर मोठे कच्चे टाके घालावेत; कच्चा टाका म्हणजे थर सरकू नयेत म्हणून तात्पुरता घातलेला आणि शेवटी उसवायचा टाका. हे टाचण वगळले तर वरचा थर पुढे सरकत जातो आणि शेवटच्या ओळीपर्यंत एक फुगा तयार होतो, जो कोणत्याही उपायाने जात नाही.

त्यानंतर धावदोऱ्याच्या ओळी. दीड सेंटिमीटर अंतराने ९० सेंमी लांबीच्या सुमारे ५० ओळी येतात, म्हणजे ४५ मीटर शिवण. थरांतून वर-खाली जाणारा दोरा आणि गाठींसाठी लागणारी टोके धरून ५५ ते ६० मीटर दोरा लागतो. काही बायका ओळींऐवजी बाहेरच्या कडेपासून आत चौकोनी फेरे घेत मध्यावर येतात, आणि या पद्धतीत कडा आधीच बांधल्या जात असल्याने नवशिक्याला ती अधिक मानवते. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये. लांब दोऱ्याने वेळ वाचत नाही, तो पिळला जाऊन गाठी मात्र पडतात. टाके अगदी सारखे यावेत असा आग्रह धरण्याचे कारण नाही, पण उलट बाजूचे टाके सुलट बाजूइतकेच दिसत असले पाहिजेत, कारण उलटीकडे टाका निसटला असेल तर तेथे खालचा थर सुटा राहतो आणि धुताना फाटतो. दुपारी दोन-तीन शेजारणी भोवती बसल्या तर काम झपाट्याने सरकते, फक्त प्रत्येकीच्या हाताचा ताण वेगळा असल्याने एका ओळीत दोन हात पडू देऊ नयेत.

परकर-पोलके

मापाच्या कपड्यांत प्रवेश करण्यासाठी लहान मुलीचा परकर हे योग्य दार आहे, कारण त्यात कंबर आणि उंची ही दोनच मापे असतात. घेर कंबरेच्या अडीचपट घ्यावा. कंबर ५२ सेंमी असेल तर १३० सेंमी. लांबीत खालच्या दुमडीसाठी ४ सेंमी, नेफ्यासाठी ४ सेंमी आणि वाढत्या अंगासाठी एक आडवी चूण धरावी. ५ सेंमी खोल दिसणारी चूण १० सेंमी कापड पोटात घेते, आणि मूल उंच झाले की ती उसवून परकर तेवढाच लांब करता येतो. काठाची जुनी साडी वापरताना काठ कापून पुन्हा जोडण्यापेक्षा काठ खाली येईल असे आडवे कापड घ्यावे. धाग्याची दिशा बदलते खरी, पण चुण्यांच्या परकरात ते खपते.

पोलक्यात मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची गोल जागा, येते आणि तेथेच बहुतेकांचा हात अडतो. मुंढ्याचा आकार अंदाजाने काढण्याऐवजी अंगाला नीट बसणाऱ्या जुन्या पोलक्याची शिवण उसवून त्याचा कागदी नमुना करावा. नमुन्याशिवाय थेट कापडावर खडू चालवणे हे वर्षानुवर्षे शिवणकामाच्या व्यवसायात असलेल्यांनाच शोभते.

बाहुलीचे कपडे

बाहुलीचा कपडा अवघड का, हे एका हिशेबाने स्पष्ट होते. ५६ सेंमी छाती असलेल्या मुलीच्या पोलक्याला दोन बगलेच्या शिवणी असतात, म्हणजे चार कडा. प्रत्येकी दीड सेंटिमीटर माया धरली तर एकूण ६ सेंमी, छातीच्या सुमारे नवमांश. १४ सेंमी छातीच्या बाहुलीला तीच माया ठेवली तर ती छातीच्या जवळजवळ निम्मी होते, आणि सगळे पोलके आतल्या कापडाने फुगते. माया अर्ध्या सेंटिमीटरवर आणली तर फुगणे थांबते, पण आता कड उसवण्याची भीती उभी राहते. बाहुली लहान करता येते; धाग्याची जाडी, सुईचे भोक आणि कापडाचे उसवणे लहान होत नाही. या क्षेत्रातील सगळ्या युक्त्या या एका अडचणीतून जन्मल्या आहेत.

त्यांतली पहिली युक्ती क्रम उलटा करण्याची आहे: नमुन्याची रेषा पेन्सिलने कापडावर काढावी, न कापता त्या रेषेवर बारीक टाक्यांची टीप घालावी आणि मगच अर्धा सेंटिमीटर सोडून कापावे, म्हणजे इवलासा तुकडा मशीनच्या दात्यांत ओढला जात नाही. दुसरी, कड दोनदा दुमडण्याऐवजी संपूर्ण पोलक्याला पातळ वायलचे अस्तर लावून उलटवून घ्यावे. तिसरी, बाही वेगळी कापू नये. खांद्यावर कापडाची घडी ठेवून अंग आणि बाही एकाच तुकड्यात बेतावे, बगलेत मायेला टिपेपर्यंत तिरका काप द्यावा, म्हणजे मुंढ्याचा प्रश्नच उरत नाही. चौथी, कपडा मागून पूर्ण उघडा ठेवावा, कारण बाहुलीचे हात कोपरात वाकत नाहीत आणि डोके अंगाच्या मानाने मोठे असते.

नमुना काढण्यासाठी बाहुलीला पातळ प्लास्टिक घट्ट लपेटून त्यावर कागदी चिकटपट्टी लावावी, बगल, खांदा व कंबर यांच्या रेषा पेनाने आखाव्यात आणि ते कवच रेषांवर कापून सपाट करावे. बाहुली चिंधीची असो वा प्लास्टिकची, यापेक्षा अचूक माप टेपने मिळत नाही. कापड निवडताना नक्षीचा आकार पाहावा. ५ सेंमीचे फूल साडीवर शोभते, पण ३० सेंमीच्या बाहुलीवर ते ढालीसारखे दिसते. बारीक चौकडा, खणाची लहान बुट्टी किंवा इरकलीचा अरुंद काठ प्रमाणात बसतो. असे तुकडे विकत घेण्याची गरज नाही, ओळखीच्या शिंप्याकडे कातरणाची पिशवी मागितली तर तो बहुधा आनंदाने देतो.

बाहुलीची नऊवारी हा या छंदातील खरा कस आहे. नऊवारी लुगडे सुमारे ८.२ मीटर लांब असते. १६० सेंमी उंचीच्या स्त्रीच्या मानाने ३० सेंमीच्या बाहुलीसाठी ते साधारण दीड मीटर यायला हवे, पण तेवढे कापड बाहुलीच्या कंबरेभोवती गुंडाळले तर तिची कंबर दिसेनाशी होते, कारण लांबी प्रमाणात घटली तरी जाडी तीच राहते. म्हणून लांबी ७५ ते ८० सेंमीवर आणावी, रुंदी २२ सेंमीच्या आसपास ठेवावी आणि निऱ्या प्रत्येक वेळी घालण्याऐवजी इस्त्रीने बसवून कंबरपट्टीवर शिवून टाकाव्यात. निऱ्यांचा खालचा मध्य पायांमधून मागे नेऊन कंबरेशी दोन टाक्यांनी धरला की काष्टा तयार होतो. तो फार ताणू नये, नाहीतर पुढचा काठ वर उचलला जातो. पदर खांद्यावर प्रेस बटणाने अडकवला तर मूल तो स्वतः काढू-घालू शकते, आणि खेळण्याच्या वस्तूची शेवटी हीच परीक्षा असते. बाहुली तीन वर्षांखालील मुलासाठी असेल तर मात्र बटण, मणी, टिकली काहीच वापरू नये. डोळेसुद्धा दोऱ्यानेच भरावेत.

भेटीचे वेळापत्रक आणि विक्री

हातची भेट उशिरा पोहोचली की तिचे अर्धे मोल जाते, म्हणून काम सणसमारंभाच्या दिवसापासून मागे मोजत आखावे. बारसे रूढीप्रमाणे बाराव्या दिवशी होते, तेव्हा बाळंतविड्याला सातव्या महिन्यातच सुरुवात करावी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून बटवे द्यायचे असतील तर मार्गशीर्षात कापड भिजवून घ्यावे, आणि एकेक बटवा पूर्ण करत जाण्यापेक्षा आधी सगळी वर्तुळे कापावीत, मग सगळ्या टिपा, मग सगळे नेफे असे टप्प्याने काम करावे. हात एका हालचालीत स्थिरावतो आणि बटवे एकसारखे दिसतात. लग्नातील रुखवतासाठी परकर-पोलक्यातल्या आणि नऊवारीतल्या बाहुल्यांची जोडी मांडायची असेल, तर त्या खेळण्यासाठी नसल्याने तेथे जर, मोती, टिकल्या यांना मुभा द्यायला हरकत नाही. कोणतीही वस्तू घडी घालण्यापूर्वी टाचण्या मोजाव्यात आणि तिच्यावरून लोहचुंबक फिरवावे, विशेषतः गोधडीवरून.

कौतुक झाले की विकत मागणारे येतात. झबली, कुंच्या, बटवे यांची घरगुती विक्री सरळ आहे, पण बाहुल्यांची नाही: खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक असते. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, त्यामुळे बाहुल्या नियमित विकण्याचा विचार असेल तर ऑर्डर घेण्याआधी ही नोंदणी करून घ्यावी.